अग्रलेखात विशेषणं नसतानाही बाजू कशी घेतली जाते? (युद्धाच्या काळातली भाषा)

पानकोपरा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा मोठा आहे, पण इथे पेपरात काम केलेले आणि भाषेवर काम करणारे दोन्ही लोक आहेत म्हणून इथेच विचारतेय.

मी पत्रकारितेत एमए करतेय आणि प्रोजेक्टचा विषय घेतलाय युद्धकाळातले अग्रलेख आणि त्यांची भाषा. गाईडनी सांगितलं एकच युद्ध धर, दोन पेपर घे आणि दोन्ही बाजूंचं चित्र शब्दांतून कसं उभं केलंय ते दाखव. मग मी विशेषणांपासून सुरुवात केली, म्हणजे इकडे शूर, संयमी, कणखर आणि तिकडे क्रूर, भेकड, माथेफिरू असं. ते सापडतंही, १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी गार्डियनने ब्रिटिश पेपरांमधलेच शब्द गोळा करून दोन रकान्यांत छापले होते, आपल्याकडे सैन्य, नौदल आणि हवाई दल, त्यांच्याकडे मात्र 'वॉर मशीन', आपल्या पत्रकार परिषदा आणि त्यांचा प्रचार, आपली पोरं सावध आणि त्यांची भेकड. ते वाचून वाटलं की चला, रस्ता मिळाला.

पण होतंय काय की जे अग्रलेख मला सगळ्यात एकतर्फी वाटतात त्यांच्यात विशेषणं जवळजवळ नाहीतच. भाषा एकदम शांत, समजूतदार, दोन्हीकडच्या मृतांबद्दल दुःख वगैरे सगळं आहे, आणि तरी वाचून संपल्यावर आपण एका बाजूला जाऊन बसलेलो असतो आणि कुठल्या वाक्याने आपल्याला तिथे नेलं हे बोट ठेवून दाखवता येत नाही. मला ते बोट ठेवायचंय.

आणि दुसरा प्रश्न, अग्रलेख म्हणजे मत, मत म्हटलं की बाजू आलीच, मग त्याला पक्षपात म्हणायचं तरी कधी? गाईड हा प्रश्न व्हायव्हाला नक्की विचारणार.

---

जुनी_प्रत

विशेषणं सोडा, क्रियापदं धरा. विशेषण वाचकाला दिसतं म्हणून मुरलेला संपादक ते वापरतच नाही, काम सगळं क्रियापद करतं.

मराठीत तर यासाठी आयतीच सोय आहे. मरणे आणि मारणे, पडणे आणि पाडणे, उडणे आणि उडवणे, जळणे आणि जाळणे. जोडीतल्या पहिल्या शब्दाला कुणी करणारा लागत नाही, दुसऱ्याला लागतो. 'वस्तीवर बॉम्ब पडले, दोन इमारती कोसळल्या, त्यात चाळीस जण मृत्युमुखी पडले' हे वाक्य वाचा आणि सांगा कुणी केलं हे. बॉम्ब आपोआप पडले, इमारती आपोआप कोसळल्या, माणसं आपोआप मेली, भूकंपाची बातमी असावी तसं. आता 'अमुक सैन्याने वस्तीवर बॉम्ब टाकले, दोन इमारती पाडल्या, चाळीस जणांना ठार केलं'. माहिती तीच, आकडा तोच, एकही विशेषण नाही. पण दुसरं वाक्य वाचल्यावर 'का केलं?' हा प्रश्न मनात येतो आणि पहिलं वाचल्यावर 'अरेरे' येतं. अग्रलेखाला हवं ते इथेच मिळून जातं.

एकाच अग्रलेखात हे दोन्ही सापडतात हे महत्त्वाचं. शत्रूबद्दल लिहिताना कर्ता ठळक, वाक्याच्या सुरुवातीलाच, आणि आपल्याबद्दल लिहिताना 'हल्ल्यात', 'कारवाईदरम्यान', 'धुमश्चक्रीत' अशी स्थळकाळ सांगणारी शब्दरूपं येतात आणि कर्ता गायब. त्यामुळे तुम्ही एक तक्ता करा, प्रत्येक मृत्यूच्या वाक्यात मारणारा लिहिलाय का नाही एवढंच नोंदवा. बघा काय निघतं ते.

दुसरी जागा म्हणजे गोष्ट कुठून सुरू होते. 'प्रत्युत्तर', 'संयम सुटला', 'कुरापत काढली', 'भडका उडाला' या प्रत्येक शब्दात एक तारीख दडलेली असते. फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिनात झालेलं युद्धच घ्या. ब्रिटिश पेपरांसाठी गोष्ट २ एप्रिल १९८२ ला सुरू होते, त्या दिवशी अर्जेंटिनाचं सैन्य बेटांवर उतरलं. अर्जेंटिनासाठी ती १८३३ ला सुरू होते, ब्रिटिशांनी बेटांचा ताबा घेतला तेव्हा, आणि त्यांच्या लेखी बेटांचं नावसुद्धा वेगळं, माल्विनास. एकदा तारीख ठरली की आक्रमण कुणाचं आणि परत मिळवणं कुणाचं हे आपोआपच ठरतं, पुढे युक्तिवाद करायचीही गरज राहत नाही. म्हणून अग्रलेखाचा पहिला परिच्छेद वाचताना त्यातली सगळ्यात जुनी घटना कुठली ते बघायचं, आणि तिच्या आदल्या दिवशी काय घडलं होतं हे स्वतः शोधायचं. मी इतकी वर्षं पेपर वाचतोय, मला याच्याइतकी उपयोगी सवय दुसरी सापडलेली नाही.

अभ्यासाच्या भाषेत हवं असेल तर व्हॅन डाइक या डच अभ्यासकाची चौकट बघा, तो तिला आयडिऑलॉजिकल स्क्वेअर म्हणतो. आपलं चांगलं ठळक करायचं, त्यांचं वाईट ठळक करायचं, आपलं वाईट फिकं करायचं आणि त्यांचं चांगलं फिकं करायचं. विशेषणं मोजून पहिल्या दोन बाजू सापडतात. फिकं केलेलं मोजायला क्रियापदं आणि गाळलेले कर्ते बघावे लागतात, तुमचं घोडं तिथंच अडलंय.

---

मनवा२

जुनी_प्रत यांनी क्रियापदं सांगितली त्यात माझी भर आदरार्थी बहुवचनाची, कारण इंग्रजीवरच्या अभ्यासात हे तुम्हाला सापडणारच नाही. मराठीत नेत्याबद्दल लिहायचं म्हणजे 'म्हणाले' की 'म्हणाला' हे ठरवावंच लागतं, मधला मार्ग नाही. मित्रदेशाचे अध्यक्ष 'म्हणाले', शत्रूदेशाचा हुकूमशहा 'बरळला'. कित्येकदा तोच माणूस तह होईपर्यंत एकवचनात असतो आणि तह झाला, शिष्टमंडळं आली की बहुवचनात येतो. हे एका पेपरात सलग काही महिने तपासलंत तर संबंध कधी बिघडले आणि कधी सुधारले ते नुसत्या क्रियापदाच्या शेवटावरून कळेल.

म्हणणं या क्रियेचीच किती रूपं आहेत बघा. आपले 'स्पष्ट करतात', 'माहिती देतात', 'ठणकावतात'. त्यांचा 'दावा' असतो, 'कांगावा' असतो, 'दर्पोक्ती' असते, 'थयथयाट' असतो, 'उलट्या बोंबा' असतात. 'स्पष्ट केलं' म्हटलं की ते खरं आहे हे संपादकाने गृहीत धरलं, 'दावा केला' म्हटलं की तपासायचं ठेवलं. दोन्ही लष्करांचे प्रवक्ते एकाच दिवशी आपापले आकडे देतात, दोन्ही आकडे कुणीच तपासलेले नसतात, आणि एक 'माहिती' होते तर दुसरा 'दावा'. मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे, कारण वाचकाला वाटतं की पेपरने खरंखोटं केलंय.

तिसरं सर्वनाम, म्हणजे 'आपण', 'आपले जवान', 'आपली भूमिका'. संपादक 'आपण' म्हणतो तेव्हा तो पेपर, वाचक, सरकार आणि सैन्य या चौघांना एकाच शब्दात बसवतो आणि वाचकाला त्यातून बाहेर पडायला जागा ठेवत नाही. यावरून केवढं रामायण झालंय ते फॉकलंडमध्येच सापडेल. बीबीसीने तेव्हा 'आपलं सैन्य' न म्हणता 'ब्रिटिश सैन्य' म्हणायचं धोरण ठेवलं होतं आणि ब्रिटनने सांगितलेलंही तपासून सांगायचं ठरवलं होतं, पंतप्रधान थॅचर बाईंनी संसदेत नाराजी व्यक्त केली, आणि ७ मे १९८२ ला सन या पेपरने अग्रलेखच लिहिला की आपल्यात देशद्रोही आहेत. त्यात बीबीसीचे पीटर स्नो, गार्डियन आणि डेली मिरर यांची नावं घेतली. दुसऱ्या दिवशी मिररने अग्रलेखातूनच उत्तर दिलं आणि सनला फ्लीट स्ट्रीटची, म्हणजे लंडनच्या पेपरवाल्यांच्या गल्लीची, वेश्या म्हटलं. म्हणजे एकाच देशातले दोन खपाचे पेपर, एकच युद्ध, शत्रू कोण यावर वाद नाही, आणि भांडण कशावरून तर या युद्धाबद्दल बोलायची भाषा कोणती असावी यावरून. पानकोपरा, तुम्हाला दोन पेपर आणि एकच युद्ध पाहिजे होतं ना, हे घ्या.

सनचा ४ मेचा अंक पण बघाच. जनरल बेलग्रानो ही अर्जेंटिनाची युद्धनौका ब्रिटिश पाणबुडीने २ मेला बुडवली, ३२३ माणसं गेली. सनच्या सुरुवातीच्या आवृत्तीत मथळा एका शब्दाचा होता, गॉचा, म्हणजे 'कसे सापडले!' मग मृतांचा आकडा मोठा असणार हे लक्षात आल्यावर पुढच्या आवृत्तीत मथळा बदलून बाराशे अर्जेंटिनी बुडाले का असा प्रश्न आला, तोही त्यांना हेटाळून 'आर्जीज' म्हणत. पहिल्या मथळ्यात मारणारे आपण आहोत आणि त्याचा आनंद आहे. दुसऱ्यात माणसं 'बुडाली'. जुनी_प्रत यांचं मरणे-मारणे एका रात्रीत एकाच पानावर!

---

रात्रपाळी

मी बरीच वर्षं डेस्कवर काढलीत, त्यातली बरीचशी रात्रपाळीची, नाव कुठल्या पेपरचं ते जाऊ द्या. तुम्ही सगळे हे असं मांडताय की संपादक टेबलाशी बसून विचार करून कर्ता गाळतो. काही जण करतातही. पण रोजच्या कामात बहुतेक शब्द वरून तयार येतात आणि आम्ही ते तसेच पुढे ढकलतो, हे लक्षात न घेता नुसता मजकूर तपासलात तर अर्धंच कळेल.

युद्ध सुरू झालं की पहिली माहिती लष्कराच्या किंवा परराष्ट्र खात्याच्या ब्रीफिंगमधून येते, दुसरा सोर्सच नसतो. वृत्तसंस्थेची कॉपी म्हणजे मजकूर त्यावरच बेतलेला, आमचा मराठी उपसंपादक ती घाईत मराठी करतो, आणि अग्रलेख लिहिणारा संध्याकाळी तीच कॉपी समोर ठेवून लिहायला बसतो कारण पान सोडायची वेळ ठरलेली असते. २६ फेब्रुवारी २०१९ ला बालाकोटनंतर परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी जे निवेदन वाचलं त्यात शब्द होता नॉन-मिलिटरी प्रीएम्प्टिव्ह ॲक्शन, म्हणजे धोका येण्याआधीच केलेली बिगर-लष्करी कारवाई. हवाई दलाची विमानं जाऊन बॉम्ब टाकून आली त्याला बिगर-लष्करी म्हणायचं, कारण लक्ष्य लष्करी ठाणं नाही, दहशतवाद्यांचा तळ आहे हे जगाला सांगायचं होतं. राजनैतिक दृष्टीने प्रत्येक शब्द तोलून ठेवलेला. सरकारचं ते कामच आहे. पण असा शब्द अग्रलेखात अवतरणचिन्हं न लावता आला की तो संपादकाचा होतो. ती दोन चिन्हं कधी गळून पडली ते शोधा, पहिल्या दिवशी असतात, चौथ्या दिवशी नसतात.

'पोलीस ॲक्शन' हा शब्द तर याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. डच सरकारने १९४७ आणि १९४८ मध्ये इंडोनेशियात सैन्य घुसवलं आणि त्याला पोलीस कारवाई म्हटलं. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात भारताचं लष्कर गेलं, रणगाडे घेऊन गेलं, ऑपरेशन पोलो असं लष्करी नाव होतं, आणि आपण आजतागायत पोलीस ॲक्शनच म्हणतो. जून १९५० मध्ये कोरियातल्या युद्धाबद्दल अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांना पत्रकाराने विचारलं की याला संयुक्त राष्ट्रांची पोलीस कारवाई म्हणता येईल का, ते हो म्हणाले, आणि त्या कारवाईत ३६ हजारांवर अमेरिकन सैनिक गेले. तिन्ही प्रकरणं एकसारखी होती असं मी अजिबात म्हणत नाहीये, रझाकारांनी केलेले अत्याचार खरे होते आणि इंडोनेशियात डच वसाहतवादी म्हणून परत आले होते, केवढा फरक आहे. पण शब्द तिन्हीकडे एकच काम करतो, तो सांगतो की हा आमच्या घरातला कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न आहे, समोर दुसरा पक्ष नाहीच, फक्त गुन्हेगार आहेत. अग्रलेखाने तो शब्द स्वीकारला की पुढे युद्धाचे नियम, कैदी, तह हे प्रश्नच उरत नाहीत.

आणि उलट टोक बघायचं तर रशिया. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, सरकारने 'विशेष लष्करी कारवाई' हा शब्द दिला आणि युद्ध, आक्रमण हे शब्द वापरू नका असं माध्यमांना बजावलं. ४ मार्चला कायदा केला, सैन्याबद्दल 'खोटी माहिती' दिली तर पंधरा वर्षांपर्यंत तुरुंग. नोवाया गॅझेटा हा रशियन पेपर, ज्याच्या संपादकाला आदल्याच वर्षी शांततेचं नोबेल मिळालं होतं, त्याने २८ मार्चला छपाई थांबवली. तिथे 'युद्ध' हा एक साधा शब्द लिहिणं म्हणजेच बाजू घेणं होतं. त्यामुळे अग्रलेखाची भाषा तपासताना तो लिहिणाऱ्याला दुसरा शब्द वापरायची मोकळीक होती का हेही नोंदवा. मोकळीक असून न वापरणारा आणि मोकळीकच नसणारा यांना एका तक्त्यात घालू नका, तो फार मोठा अन्याय होईल.

आपल्याकडच्या मराठी डेस्कबद्दल एक सांगतो, इथे शब्दांचा साठा पोवाड्यांतून आणि बखरींतून आलाय. कंठस्नान घातलं, यमसदनी धाडलं, धूळ चारली, पाणी पाजलं, नांगी ठेचली आणि आपला जवान धारातीर्थी पडला. मथळ्यात हे फार चपखल बसतं, जागाही कमी लागते, म्हणून रात्री बाराला हात आपोआप तिकडेच जातो. मला आजही वाटतं की धारातीर्थी हा शब्द सैनिकाच्या घरच्यांसाठी मोलाचा आहे, तो काढा असं मी कधीच म्हणणार नाही. पण नांगी ठेचणे आणि कंठस्नान हे माणसांबद्दल आहेत हे लिहिताना कुणाच्या ध्यानात राहत नाही.

---

सरळवाट

मला वरच्या चर्चेत एक गोष्ट सतत टोचतेय ती लिहितो. सगळा सूर असा लागलाय की दोन्ही बाजूंना सारखे शब्द वापरले म्हणजे अग्रलेख चांगला. नाही हो. युद्धात बऱ्याचदा एक बाजू खरंच हल्लेखोर असते, आणि तेव्हा समतोल शब्द वापरणं हीच सगळ्यात मोठी फसवणूक असते.

१९७१ घ्या. पूर्व पाकिस्तानात २५ मार्चपासून लष्कर माणसं मारत होतं, पाकिस्तानी सरकारी भाषेत मुक्तिबाहिनीचे लोक 'मिसक्रिअंट्स' म्हणजे उपद्रवी होते, आणि जगातली बरीच सरकारं याला अंतर्गत प्रश्न म्हणत होती. अंतर्गत प्रश्न, यादवी, दोन्हीकडून हिंसाचार, सगळे किती समतोल शब्द. १३ जून १९७१ ला लंडनच्या संडे टाइम्सने अँथनी मास्करेन्हास यांचा वृत्तांत छापला आणि वर एकच शब्द घातला, जेनोसाइड, म्हणजे वंशसंहार. मास्करेन्हास स्वतः कराचीचे पत्रकार, लष्कराने त्यांना दौऱ्यावर नेलं होतं ते चांगलं छापून यावं म्हणून, आणि त्यांनी आधी कुटुंबाला देशाबाहेर काढलं आणि मग लिहिलं. तो शब्द एकतर्फी होता का? होता. आणि बरोबर होता, कारण त्याखाली पानभर डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलेलं होतं.

पानकोपरा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. बाजू घेणं म्हणजे पक्षपात नव्हे. कडक शब्द वापरलाय आणि तो कशावरून वापरलाय हे वाचकाला त्याच लेखात तपासता येतं, तर ते मत. शब्दच पुरावा म्हणून पुढे केलाय, म्हणजे त्यांना रानटी म्हटलं म्हणून त्यांना मारणं योग्य, तर तो पक्षपात. १९९० मध्ये कुवेतच्या इस्पितळात इराकी सैनिकांनी बाळांना इन्क्युबेटरमधून काढून जमिनीवर टाकलं ही साक्ष एका पंधरा वर्षांच्या मुलीने वॉशिंग्टनमध्ये खासदारांपुढे दिली, ती जगभर छापली गेली, तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष थोरले बुश यांनी ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. ती मुलगी अमेरिकेतल्या कुवेतच्या राजदूतांची मुलगी होती हे १९९२ मध्ये बाहेर आलं, आणि बाळांच्या त्या कथेला पुरावा मिळाला नाही. सद्दामच्या सैन्याने कुवेतवर आक्रमण केलं आणि अत्याचार केले हे खरंच होतं. तेवढं पुरेसं होतं की! पण रानटीपणाचं चित्र इतकं सोयीचं होतं की तपासायला कुणी थांबलं नाही.

स्वतःच्या बाजूबद्दलही कडक शब्द वापरता येतो हेही प्रोजेक्टमध्ये येऊ द्या. १९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून ब्रिटनने इजिप्तवर हल्ला केला तेव्हा ब्रिटिश सरकार म्हणत होतं की इजिप्तशी युद्ध नाही, सशस्त्र संघर्ष आहे. ४ नोव्हेंबर १९५६ च्या ऑब्झर्व्हर या ब्रिटिश पेपरच्या अग्रलेखात लिहिलं होतं की आपलं सरकार इतक्या मूर्खपणाला आणि लबाडीला उतरू शकेल याची आम्हाला कल्पना नव्हती. ब्रिटिश सैनिक तेव्हा मोहिमेवर निघालेले होते. पेपरने त्यापायी वाचक आणि जाहिराती गमावल्या. तिथे 'आपलं सरकार' हे मनवा२ म्हणतात तेच 'आपण' आहे, पण ते जबाबदारी घेण्यासाठी वापरलंय. मला हा अग्रलेख फार मोठा वाटतो.

---

जुनी_प्रत

सरळवाट, तुमचं पटतंय, आणि सारखे शब्द वापरा असं मी म्हटलेलंही नाही. मारणारा कोण ते दोन्हीकडे लिहा एवढंच म्हणतोय. ते लिहिलं की हल्लेखोर कोण हे उलट जास्त स्पष्ट दिसतं.

पण शब्दाखाली पुरावा आहे का या कसोटीत एक खाचखळगा आहे. समोरासमोर मारण्याला भाषेत जड शब्द आहेत, कत्तल, हत्याकांड, शिरकाण. वरून मारण्याला हलके आहेत, हवाई हल्ला, कारवाई, बॉम्बफेक. ज्याच्याकडे विमानं आहेत त्याला आपोआपच सौम्य शब्द मिळतात, संपादकाने काहीही न करता. गाझाच्या युद्धाबाबत इंटरसेप्ट या अमेरिकी वेबसाइटने जानेवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स, वॉशिंग्टन पोस्ट आणि एलए टाइम्समधल्या पहिल्या काही आठवड्यांच्या मजकुराची मोजणी छापली, त्यात 'स्लॉटर' म्हणजे कत्तल हा शब्द इस्रायली मृतांबाबत ६० वेळा आणि पॅलेस्टिनी मृतांबाबत एकदा आला होता. आता कुणी म्हणेल, ७ ऑक्टोबरला हमासच्या लोकांनी घराघरांत शिरून माणसं मारली, त्याला कत्तल नाही तर काय म्हणणार. बरोबर आहे, ती कत्तलच होती. पण मग ढिगाऱ्याखाली गेलेल्या मुलांसाठी तेवढ्या वजनाचा शब्द कुठला? तो शब्दच नाही म्हणून वाचकाला तेवढं जाणवत नाही, आणि ही उणीव नुसती एखाद्या पेपरची नाहीये. मोजणी करताना याची नोंद ठेवा, नाहीतर आकडे येतील आणि कारण चुकीचं लावाल.

जागेच्या नावाचंही तसंच. ९ ऑगस्ट १९४५ च्या भाषणात ट्रूमन म्हणाले की पहिला अणुबॉम्ब हिरोशिमा या लष्करी तळावर टाकला. तिथे लष्कराचं मुख्यालय होतं हे खरं. लाखोंची वस्ती असलेलं शहरही होतं. दोन खऱ्यांपैकी एक निवडलं की झालं, खोटं बोलावंच लागत नाही.

---

पानकोपरा

अरे केवढं दिलंत तुम्ही सगळ्यांनी, मनापासून आभार. फॉकलंड, सन आणि मिरर हे जवळजवळ नक्की करतेय, आणि तक्त्यात मारणारा लिहिलाय की नाही, गोष्ट कुठल्या तारखेपासून, अवतरणचिन्हं कधी गेली आणि 'म्हणणे'ची रूपं हे चार रकाने. रात्रपाळी दादा, मोकळीक होती का याचं वेगळं प्रकरण करते. फॉकलंडला पत्रकार नौदलाच्याच जहाजांवरून गेले होते आणि त्यांची कॉपी लष्करी सेन्सॉरमधून जात होती, ते तिथे येईल.

एक शेवटचं, गाईड परवा म्हणाले की युद्ध संपल्यानंतर तेच पेपर आपल्याच भाषेकडे परत बघतात का ते शोध. असं कुणी अग्रलेखातून केलंय का?

---

जुनी_प्रत

केलंय, आणि त्यात तुमच्याच उपयोगाचं सापडेल. इराकमध्ये महासंहारक अस्त्रं सापडली नाहीत त्यानंतर न्यूयॉर्क टाइम्सने २६ मे २००४ ला वाचकांसाठी संपादकांची टीप छापली, बातम्यांच्या बाजूची. आणि १६ जुलैला अग्रलेखाच्या पानाने स्वतःचा वेगळा लेख लिहिला. या पानाने संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याशिवाय युद्धाला विरोधच केला होता, पण सद्दामकडे ती अस्त्रं आहेत हे मात्र धरून चाललं होतं. दोन्ही मिळवा आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. मेच्या टीपेत एक वाक्य आहे की तेव्हाच वादग्रस्त असलेली आणि आता शंकास्पद वाटणारी माहिती काही वेळा पुरेशी स्पष्टीकरणं न देता छापली गेली किंवा आव्हान न देता तशीच राहू दिली गेली. छापली गेली, राहू दिली गेली. कुणी छापली, कुणी राहू दिली ते त्या वाक्यात नाही. पुढे टीप संपादकांची जबाबदारी मान्य करते, एकट्या बातमीदारांवर ढकलत नाही, तेही नोंदवा, नाहीतर आपणच अर्धं उचलल्यासारखं होईल. पण मुख्य कबुलीचं वाक्य बिनकर्त्याचं आहे.

याच पेपरची आणखी एक गोष्ट, कैद्यांना पाण्यात गुदमरवण्याच्या वगैरे प्रकारांना त्यांच्या बातम्यांत बरीच वर्षं 'कठोर चौकशी पद्धती' अशा धर्तीचे शब्द होते, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये संपादक डीन बके यांनी जाहीर केलं की यापुढे जिथे तसं घडल्याचं ठाऊक आहे तिथे छळ हाच शब्द वापरू. अग्रलेखाचं पान तो शब्द आधीपासून वापरत होतं. म्हणजे एकाच अंकात एका पानावर छळ आणि दुसऱ्यावर कठोर पद्धती, अशी वर्षं गेली. सन आणि मिररमध्येही अग्रलेखाचं पान आणि पहिलं पान वेगवेगळे रकाने करून मोजा, एकत्र करू नका.